वाकलेला काना

माझ्या दुकानातून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेल्या पाट्यांवर जी जाड, गोलसर अक्षरं दिसतात, ती माझी नाहीत. मी ती घेतली. ज्यांची होती त्यांना विचारलं नाही. सुरुवातीला कुणी ‘ही अक्षरं कुणी काढली’ असं विचारलं, तर मी नुसता हसायचो आणि समोरच्याला काय समजायचं ते समजू द्यायचो. पुढं पुढं हसणंही सोडलं. माझीच, म्हणून सांगू लागलो. त्या फाँटला मी माझ्या मुलीचं नाव दिलं होतं, यावरून काय ते ओळखावं.

दुकान जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं आहे. फ्लेक्स, विनाईल, दुकानांच्या लाइटच्या पाट्या अशी कामं चालतात. पाटीच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. माणूस पाटी वाचायला थांबत नाही. तो मोटारसायकलवर असतो, रिक्षात असतो, डोक्यात तिसरंच काही असतं. त्याच्या नजरेत अक्षर जाऊन बसलं पाहिजे. ही अक्षरं बसायची. त्यांना कुठंही टोक नव्हतं, कोपरा नव्हता. रेघ जाड, आणि जिथं संपेल तिथं बोटाच्या शेंड्यासारखी गोल. लहान आकारात मात्र ती निकामी. ‘ब’चं पोट भरून जायचं, ‘क्ष’चा नुसता गोळा व्हायचा. पण हातभर उंच काढली, की रस्त्यापलीकडून ओळखीच्या माणसासारखी दिसायची. दूध डेअरी, मिठाईवाले, शिकवण्या, दातांचे दवाखाने, सगळ्यांना तीच हवी असायची.

ती अक्षरं पेंटरमामांची.

मामा माझे नात्यानं कुणी नाहीत. फुलंब्रीजवळ आमची शेती आहे, आणि मामांच्या घरची मेंढरांची खांड उन्हाळ्यात आमच्या रानात बसायची. रात्री मेंढरं शेतात बसली की लेंडीखत पडतं, जमीन सुधारते. त्याच्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. आमच्याकडं त्याची एक रीत होती. मेंढरं बसवायची असली, की शेतकऱ्यानं स्वतः पालावर जाऊन विचारायचं. निरोप धाडायचा नाही. माझे वडील अंगानं आणि स्वभावानं दोन्ही ताठ होते, पण दर वर्षी पालावर जाऊन, खाली बसून, चहा पिऊन विचारून यायचे. त्या येण्याजाण्यातून आम्ही पोरं पालावरच्या सगळ्या पुरुषांना मामा म्हणू लागलो. त्यातल्या एकानं मेंढरं सोडून शहरात ब्रश धरला. शिक्षण जमेना म्हणून पुढं मी त्यांच्याच हाताखाली शिकायला आलो.

अक्षरं गोल कशानं, असं मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. तेव्हा इतर पेंटर टोकदार, सावली टाकलेली अक्षरं काढायचे. मामांनी सांगितलं, की ते लहान होते तेव्हा लोकर कातरून झाल्यावर मेंढरांच्या पाठीवर रंगानं खूण करायचं काम त्यांच्याकडं असायचं. आडनावाचं पहिलं अक्षर. दुसऱ्याच्या खांडीत मेंढरू मिसळलं तर ओळखू यावं म्हणून. बारीक रेघ लोकर वाढली की फाटते, कोपरा तर पंधरा दिवसांत दिसेनासा होतो. जाड आणि गोल तेवढंच टिकतं.

“पहिली पाटी मी जित्या जनावरावर लिहिली,” ते म्हणाले, “ती बी पळती.”

मामांची आणखी एक पद्धत होती. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, तसे ते ब्रश पुजायचे. पण त्याआधी एका पत्र्यावर ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं काढायचे. ब्रशला हळदकुंकू लावायचं, पत्र्याला झेंडूची माळ घालायची आणि दसरा झाला की तो पत्रा पांढऱ्या रंगानं पुसून टाकायचा. पुढच्या वर्षी त्याच पत्र्यावर पुन्हा सगळी अक्षरं. मी वेगळं दुकान टाकलं, फ्लेक्सचं मशीन आणलं, मामांची कामं त्या मशीननं खाल्ली, तरी खंडेनवमीला मी त्यांच्याकडं जायचो. त्यांनी मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही. एकदाच म्हणाले होते, की तुझ्या मशीनला हळदकुंकू कुठं लावतोस रे, बटनाला?

हळूहळू त्यांनी कामं घेणं कमी केलं. ऊन सोसत नाही म्हणायचे, शिडी चढवत नाही म्हणायचे. शेवटच्या खंडेनवमीला मी जरा लवकर पोचलो. दार उघडं होतं. मामा पत्र्यासमोर बसले होते आणि ‘ग’ काढत होते. उजवा हात हलत होता. तो हलू नये म्हणून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं, आणि तसाच दोन हातांनी एक ब्रश ओढत ते ‘ग’चा काना, म्हणजे उभी रेघ, खाली आणत होते. शेवटी, तळापासून दोन बोटं वर, काना डावीकडं किंचित वाकला. मामांनी ब्रश उचलला आणि त्या जागेकडं बघत राहिले.

मी दारातून मागं सरकलो, चपला जरा आपटल्या आणि मग आत गेलो. मी पाहिलं हे त्यांना कळलं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पूजा झाल्यावर ते म्हणाले, की आता गावाकडं जातो, पुतण्याची मेंढरं आहेत, तिकडंच बरं. मी म्हणालो, मामा, पत्र्याचा फोटो घेतो, आठवण म्हणून. त्यांनी होकाराची मान हलवली.

आठवण म्हणून हे त्या क्षणी खरंच होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. ते खोटं होतं. फोटो काढताना मी माळ बाजूला केली. पत्र्यावर उजेडाची तिरीप येत होती म्हणून दार अर्धं ओढलं. अगदी समोर, काटकोनात उभा राहिलो आणि एकेका ओळीचे वेगळे फोटो घेतले. आठवणीसाठी असे फोटो कुणी काढत नाही.

कॉम्प्युटरवर फाँट करताना प्रत्येक अक्षराची प्रत्येक रेघ नव्यानं काढत नाहीत. आपल्या लिपीत निम्म्याहून जास्त अक्षरांना उभी रेघ असते. एक चांगला काना निवडायचा आणि तोच सगळ्या अक्षरांना लावायचा, म्हणजे सगळी एका घरची दिसतात. मी ‘ग’चा काना निवडला, कारण फोटोत तो सर्वांत स्वच्छ आला होता. त्याचं वाकणं मला दिसत होतं. सरळ करायला मिनिटही लागलं नसतं. मी करूनही पाहिलं. पण सरळ केल्यावर अक्षरं मेल्यासारखी दिसायला लागली, बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या दहा फाँटांसारखी. वाकलेल्या कान्यानं ती हातानं काढल्यासारखी वाटत होती. म्हणून मी तो तसाच ठेवला. एका आजारी हाताची थरथर मी उचलली, आणि तिला मी शैली म्हणालो.

नंतर शहराचं नाव बदललं. नाव लांब, जुन्या पाट्यांत मावेना, म्हणून जो तो नवी पाटी करायला आला. जाड अक्षरांत ‘छत्रपती संभाजीनगर’ बसवणं सोपं नाही, पण माझ्या फाँटात मी ते दाटीवाटीनं का होईना, नीट बसवलं होतं. बघता बघता हर्सूलपासून पैठण रोडपर्यंत ती अक्षरं झाली. मी गाडीवरून जाताना दोन्हीकडं बघत जायचो. सुख व्हायचं, ते नाकारत नाही.

मामा दुकानात आले तो दिवस साधा होता. गर्दी नव्हती. फुलंब्रीहून एसटीनं आले होते, डॉक्टरला हात दाखवायला. शहर सोडल्यापासून माझ्या दुकानात त्यांचं हे पहिलंच येणं. चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि अर्धा पिऊन ठेवला. डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारलं. गोळ्या दिल्यात, एवढंच सांगितलं. मग ते उठले. भिंतीला एका मेडिकलची पाटी टेकवून ठेवली होती, गिऱ्हाईक न्यायला यायचं होतं. मामांनी खाली वाकून त्यातल्या ‘ग’च्या कान्यावरून वरून खाली अंगठा फिरवला. तळापासून दोन बोटं वर अंगठा थांबला.

“हे खंडेनवमीचं हाय,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मग त्यांनी शहराच्या नावावरून अंगठा नेला. एकेका उभ्या रेघेवर थांबत, ओठ हलवत. शेवटच्या ‘र’ला उभी रेघ नाही, तिथं ते थांबले.

“एका नावात अकरा येळा.”

या ठिकाणी मी माफी मागितली असती तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, मामा, लोकांना लई आवडतंय. ते वाकलेलंच आवडतंय.

मामा माझ्याकडं बघत होते, पण आवाज चढला नाही. “हात हलतू हे कुणाला कळू नये म्हून मी ब्रश ठिवला. तुझ्या मामीला बी वरीसभर सांगितलं नव्हतं. उन्हाचं नाव केलं, शिडीचं नाव केलं.” मग म्हणाले, “हर्सूलपासून बघत आलोय. दर दुकानावर माझा हात हलायलाय.”

मग चहा चांगला होता म्हणाले आणि बसस्टँडकडं निघाले. मी गाडीवर सोडतो म्हणालो, तर नको म्हणाले. उरलेला अर्धा ग्लास संध्याकाळपर्यंत तिथंच होता. मी कुणाला उचलू दिला नाही. त्यानं काय साधणार होतं, कोण जाणे.

घरी सांगितलं तेव्हा मुलगी एवढंच म्हणाली, “मग त्याला माझं नाव नको, बाबा.” तेवढं मी लगेच केलं. पण नाव काढलं की जागा मोकळी होते, आणि मोकळ्या जागेत काय घालायचं याचं उत्तर मला फार पटकन सापडलं. मामांचं नाव. चोरी केली होती ना, मग ज्याचं त्याचं नाव लावून टाकायचं. मी एक सुंदर पाटी केली, पितळी रंगाची किनार दिली. वर मामांचं नाव, खाली ‘या अक्षरांचे निर्माते’. पेढे घेतले आणि फुलंब्रीला गेलो. रस्ताभर मला हलकं वाटत होतं. आता आठवलं की त्या हलकेपणाचीच लाज वाटते.

मामींनी पाटीवरचा कागद काढला. त्यांना वाचता येतं, सावकाश. वाचून झाल्यावर त्यांनी पाटी भिंतीकडं तोंड करून उभी केली.

“इतके दिस हात कुणाचा ते लोकांना ठावं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तेवढंच राह्यलं होतं व्हय, भाचेबुवा?”

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. ज्या अक्षरांत त्यांची थरथर होती, त्यांच्यावर मी त्यांचं नाव लावायला निघालो होतो, आणि त्याला न्याय म्हणत होतो.

मामा बाजेवर बसले होते. पेढा त्यांनी घेतला. मग म्हणाले, “तुझा बाप मेंढरं बसवायला दर साली पालावर यायचा. मेंढरं काय, कुठं तरी बसनारच. तरी यायचा, खाली बसायचा, विचारायचा. तू आलास व्हय?”

“आदी काना सरळ कर,” ते म्हणाले. “मग कुणाचं बी नाव टाक.”

काना सरळ कर. ऐकायला किती सोपं. पण सरळ म्हणजे कसा? पट्टीनं आखलेला मी पूर्वीच करून पाहिला होता, तो मेलेला होता. मामांचा धड हाताचा काना हवा होता, आणि पत्र्यावरची जुनी अक्षरं तर दर वर्षी पांढऱ्या रंगाखाली गेलेली. भिंतींवरची नव्या रंगाखाली गेली होती, पत्र्याच्या पाट्या भंगारात. त्यांतल्या कितीतरी मीच उतरवल्या होत्या, फ्लेक्स लावायला. रविवारी मी फुलंब्रीच्या आसपासची गावं फिरू लागलो. शाळा, सोसायटी, किराणा दुकानं. तीन-चार रविवार काहीच मिळालं नाही.

शेवटी एका पिठाच्या गिरणीत मिळाली. पाटी आतल्या भिंतीला होती आणि पिठानं इतकी माखली होती, की गिरणीवाल्यालाही तिच्यावर काय लिहिलंय ते नक्की आठवेना. मी स्टुलावर चढलो आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागलो. पहिल्यांदा खळच झाली. दुसऱ्या हाताला निळा रंग दिसला, मग ‘गि’, मग ‘र’. आणि मग मला आठवलं, की ही पाटी रंगवली तेव्हा मी तिथं होतो. मामा वर चढून लिहीत होते आणि शिडी मी धरली होती.

मी मोजपट्टी लावली. तो काना सरळ नव्हता. वरून खाली येताना तो अगदी थोडा, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा अरुंद होत गेला होता. पाटी उंचावर असते, बघणारा खालून बघतो, म्हणून वरच्या टोकाला जरा जास्त रंग द्यायचा, मग डोळ्याला रेघ सारखी दिसते. मामांनी हे मला त्या शिडीवरूनच सांगितलं होतं. मी विसरलो होतो. अक्षरातला जीव थरथरीतून येतो असं मी धरून चाललो होतो, कारण थरथर यायच्या आधीचा हात माझ्या लक्षातच राहिला नव्हता. इतकी वर्षं त्यांच्याशेजारी बसून.

स्टुलावरून उतरायला मला वेळ लागला. गिरणीवाल्याला वाटलं, पीठ डोळ्यात गेलं. त्यानं पाणी आणून दिलं.

त्या कान्यावरून मी सगळी अक्षरं पुन्हा केली. घाई केली नाही. ‘ग’, ‘प’, ‘न’, ‘म’, एकेक घेऊन छापायचो, भिंतीवर उंच लावायचो आणि खाली उभा राहून बघायचो. मग जुन्या गिऱ्हाइकांकडं जाऊन पाट्या बदलून द्यायला लागलो. एका मिठाईवाल्यानं दोन्ही पाट्या शेजारी धरून बघितल्या आणि फरक काय तो दाखवा म्हणाला. मी दाखवला. तरी त्याला दिसला नाही. बदलून मात्र घेतली. सगळ्या अजून झालेल्या नाहीत. पैठण रोडला कितीतरी बाकी आहेत, आणि काही दुकानदार नको म्हणतात. त्यांच्यासमोरून जाताना मी आता गाडी हळू करत नाही.

नवी अक्षरं एका मोठ्या कागदावर छापली, ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत. वर काही लिहिलं नाही, खाली काही लिहिलं नाही. या वेळी पेढेही घेतले नाहीत.

मी पोचलो तेव्हा लोकर कातरून झाली होती आणि मामा पुतण्याच्या मेंढरांवर खुणा करत होते. पुतण्या एकेक मेंढरू पायांत दाबून धरायचा. मामा चिंधीचा बोळा रंगात बुडवून पाठीवर अक्षर काढायचे. हात हलत होता. त्यांनी तो लपवला नाही, मनगटही धरलं नाही.

मी बघतोय हे पाहून म्हणाले, “मेंढराला चालतंय. ते काय दुसऱ्याचं वाचायला जातंय?”

पुतण्या हसला, मीही हसलो. मग त्यांनी हात धोतराला पुसले आणि कागद मागितला. जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि ‘ग’च्या कान्यावर अंगठा टेकवला. वरून खाली आणला. तळापर्यंत. कुठं थांबला नाही. पुन्हा एकदा आणला.

“गिरनीचा हाय,” ते म्हणाले. “शिडी तू धरली होतीस.”

मी हो म्हणालो. मेंढरं ओरडत होती, पुतण्या पुढचं मेंढरू धरून थांबला होता. मला वाटलं, झालं, कान्यानं माझं काम केलं, आता वेगळं बोलायची गरज नाही. परत जावं. तसा मी उठलोही. मग वडील आठवले. ताठ अंगाचा तो माणूस पालावर आला की आधी खाली बसायचा.

मी मातीत बसलो, मामांच्या समोर, कागदाच्या अलीकडं.

“मामा, मी न विचारता घेतलं. आठवणीसाठी म्हणालो, ते खोटं होतं. त्या दिवशी तुमचा हात हलताना मी दारातून पाहिला होता, आणि पाहूनही तोच काना घेतला. सगळ्या शहराला दाखवला. माझं चुकलं, मामा. मला माफ करा. ही अक्षरं तुमची आहेत. आज मी विचारायला आलोय.”